परत आलेले नऊ किलो

पार्सल ऑफिसातल्या काट्याची सुई नव्वदवर गेली, थोडी थरथरली आणि तिथंच थांबली. मुलाणी कंडक्टरांनी माझ्याकडं बघायचं टाळून हातातलं तिकिटाचं मशीन बाहीनं पुसायला घेतलं.

"वैनी, काटा जुना हाय," ते म्हणाले. "कांद्याची पोती टाकून टाकून पार खिळखिळा झालाय."

"मग फेब्रुवारीत एक्याऐंशी दाखवलं तेव्हा नवा होता का?"

काट्यावर उभे असलेले आमचे हे दोघांच्या डोक्यावरून बाहेर फलाटाकडं बघत होते. शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. चेहराही भरलेला, सकाळी तर डोळ्यांखाली पुऱ्या फुगल्यासारखं दिसायचं. मी मनात म्हटलं, पुऱ्याच असणार.

"मी काही खात नाही, शालन," हे म्हणाले.

"मी कुठं काय म्हणाले?"

"तू म्हणत नाहीस. बघतीस."

ह्याला आता आठ वर्षं झाली. हे म्हणजे हिंदुराव मोहिते, एसटीचे ड्रायव्हर. सव्वीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस. आदल्या दिवाळीच्या सुमारास तपासणी झाली तेव्हा शुगर तीनशे निघाली, बीपी वर, वजन चौऱ्याण्णव. तपासणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं, पुढच्या खेपेपर्यंत हे सगळं खाली आणा, नाहीतर स्टेअरिंगवर बसता येणार नाही. ती पुढची खेप जूनमध्ये होती, आणि आम्ही त्या काट्यापाशी उभे होतो ते मेच्या पहिल्या आठवड्यात.

"स्टेअरिंग गेलं तर माझ्यात राहिलं काय?" असं हे एकदाच म्हणाले होते, जेवता जेवता, ताटातल्या भाताकडं बघत. मी त्या दिवसापासून भात बंद केला.

भाताच्या मागोमाग भाकरी गेली, चपाती गेली, बटाटा गेला. माझ्या मावसबहिणीनं मला मोबाईलवरच्या 'पीठमुक्त परिवार' नावाच्या ग्रुपात घातलं होतं. तिथं एक सर रोज सकाळी आवाजी निरोप पाठवायचे आणि मी तो चुलीपाशी ऐकत ऐकत डबा करायची. अंडी, पनीर, कोबी, मेथी, सुकट आणि वरून तूप. पहिल्या पंधरवड्यात ह्यांना उठता-बसता चक्कर यायला लागली. सरांकडं त्यालाही उपाय होता. पीठ सोडलं की अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, तेव्हा मीठ वाढवा. मग दोन लिटरच्या बाटलीत ताक, त्यात सढळ हातानं मीठ, डब्यात लोणच्याच्या दोन फोडी. चक्कर थांबली. फेब्रुवारीपर्यंत तेरा किलो उतरले, शुगर ताळ्यावर आली, आणि डेपोत माझं नाव झालं. दोन ड्रायव्हरांच्या बायका येऊन माझ्याकडून सगळं कागदावर उतरवून घेऊन गेल्या. मी सातवी शिकलेली, पण त्या दोघींपुढं मी "शरीर कसं चालतं बघा," अशी सुरुवात केली होती.

आणि मग सुई उलटी फिरली. आधी त्र्याऐंशी, मग शहाऐंशी, आता नव्वद. डबा तोच, ताक तेच, हात माझेच. मग हे वजन येत होतं कुठून?

त्या दिवशी घरी आल्यावर मी भाजी निवडता निवडता विचारलं, "गाडीत लोक पेढे देतात ना? मुलगी झाली, नवा ट्रॅक्टर घेतला."

"देतात. मुलाणी खातो."

"सगळे?"

"त्याचं वजन कर की. काटा जुना असला तरी कळंल."

"आणि भेळ?"

"शालन, सव्वीस वर्षं मी आरशात बघून मागची गाडी ओळखतोय. तू माझ्या मागं लागलीयस हे मला कळत नसंल होय?"

विचारणं मी सोडलं. थांबले मात्र नाही. सकाळी शर्ट धुवायला घेताना खिसे उलटे करून बघायची, चुरा सापडतो का. पहाटे हे झोपेत असताना वाकून श्वासाचा वास घ्यायची. डबा परत यायचा तो इतका स्वच्छ की त्याचाच मला संशय. रोजचा कोबी इतका निपटून खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. हा कुत्र्याला घालतो आणि स्वतः कुठंतरी मांडी घालून बसतो, असं मी ठरवून टाकलं. खरं तर एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. महिन्याच्या महिन्याला शुगर तपासायचो, ती अगदी बेतात. चोरून भाकरी हाणणाऱ्याची शुगर बेतात कशी राहील? हे मलाही खटकलं. पण मी त्याचं उत्तर असं काढलं की हा गडी तपासणीच्या आधी दोन दिवस कडकडीत उपास करतो.

आणि मग हिरवा दोरा सापडला.

ह्यांच्या खाकी शर्टाचं पोटावरचं बटण हिरव्या दोऱ्यानं लावलेलं होतं. माझ्या डब्यात हिरवा दोरा नाही. मी तो शर्ट तसाच घेऊन डेपोत गेले. मुलाणीभाऊ चहा पीत होते.

"भाऊ, हे बटण कुणी लावलं?"

"कुठलं? हां, ते व्हय. ते पारूनं लावलं असंल, कोळेखिं—" असं म्हणून त्यांनी बशीतला चहा घाईनं तोंडात ओतला आणि जीभ भाजून घेतली.

"कोण पारू?"

"कोण न्हाई ओ. हॉटेलवाली हाय. मुक्कामाला."

मुक्कामाची गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. डोंगरातल्या शेवटच्या गावी संध्याकाळी जी एसटी जाते ती रात्री तिथंच राहते आणि सकाळी सहाला माणसं घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळात झोपतात आणि गाव त्यांना जपतं. कुणी भाकरी देतं, कुणी अंथरूण. ह्यांची मुक्कामाची गाडी होती कोळेखिंडीची, आठवड्यातून तीन दिवस. मी घरी येऊन कॅलेंडर काढलं. तीन दिवस पारूचे, चार माझे. नऊ किलो कुठं शिजत होते ते मला कळलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला किलोंशी काही घेणंदेणं राहिलं नाही. जूनमधली तपासणी एका बाजूला आणि माझा अठ्ठावीस वर्षांचा संसार एका बाजूला, असं झालं.

बुधवारी ह्यांना डबा दिला, ताकाची बाटली दिली, आणि दुपारी मी वडाप पकडलं. वडाप म्हणजे दहाच्या जागी अठरा माणसं कोंबून नेणारी जीप. तासभर एका कोंबडीच्या पाटीला पाय लावून बसले होते. घाटात प्रत्येक वळणावर मी मनात वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य पारूला, दुसरं ह्यांना. दुसरं अजून चांगलं होत होतं.

कोळेखिंडीत एसटी थांबते तिथं एक पिंपरणीचं झाड, त्याखाली पत्र्याचं हॉटेल. आत एक बाई. चाळिशीची, सावळी, कपाळ मोकळं. हसली तेव्हा पुढचा एक दात तिरका दिसला. तो दात मला आवडला नाही, कारण तो तिला शोभत होता.

"या, बसा. कुणाकडं आलाय, ताई?"

"देवीला."

"आमच्यात मारुतीचं देऊळ हाय."

"त्यालाच," मी म्हणाले.

तिनं चहा ठेवला. शेजारच्या चुलीवर भलंमोठं पातेलं होतं, त्यात पाणी तापत होतं.

"एवढं पाणी कशाला?"

"मुक्कामाची गाडी येती न्हवं सातला. मोहिते ड्रायव्हरास्नी लागतं."

"आंघोळीला?"

"न्हाई ओ, पायाला."

पायाला! मी अठ्ठावीस वर्षांत ह्यांच्या पायाला गरम पाणी दिलं ते फक्त लग्नाच्या दिवशी, तेही भटजींनी सांगितलं म्हणून.

"आणि जेवायला काय करता त्यांना?" मी आवाज होईल तितका साधा ठेवला.

"जेवणाचं नाव काढू नका. भाकरी म्हणलं की हात जोडत्यात. घरनं डबा असतोय, तेवढाच खात्यात. कारभारणीनं पीठ बंद केलंय म्हणं त्यांचं."

"बरं केलं की."

"बरं केलं का वाईट केलं, तिचं तिला ठावं. एकदा मी निम्मी भाकरी पुढं सारली, तर म्हणले, पारू, घरी जाऊन तिच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे."

मी जुळवून आणलेलं पहिलं वाक्य तिथंच विरघळलं. पण संशय मोठा चिवट असतो. माझ्या मनात आलं, ही मला ओळखते. मुलाणीनं हिला आधीच कळवलंय आणि ही मला पढवलेलं ऐकवतेय. तेवढ्यात तिनं बाकड्याखालून पुरुषी चपलांचा एक जोड काढला, फडक्यानं झटकला आणि दारात नीट लावून ठेवला.

"ह्या कुणाच्या?"

"आमच्या मालकांच्या. त्यांस्नी जाऊन सहा वर्सं झाली. मोठा पाय होता त्यांचा. ड्रायव्हरास्नी संध्याकाळचं घालायला देती."

गेलेल्या नवऱ्याच्या चपला माझ्या नवऱ्याला. मी ग्लास खाली ठेवला आणि आत, ज्वारीच्या पोत्याआड, स्टुलावर सरकून बसले. म्हटलं, आता डोळ्यांनीच बघू.

सातला गाडी आली. उजेड होता अजून. माणसं उतरली, टपावरची पोती उतरली, कोंबड्या उतरल्या. मुलाणीभाऊ उतरले. ड्रायव्हर मात्र उतरला नाही. हे स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून होते, शेवटच्या आगगाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. मग मुलाणीभाऊ ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं, आणि मी पाहिलं की त्यांनी दोन्ही हातांनी ह्यांचा एक पाय उचलून बाहेर काढला, जड पाटी उतरवावी तसा. मग दुसरा. हे त्यांच्या खांद्यावर भार टाकून खाली आले आणि चार पावलांत धापा टाकायला लागले. पारू बाकडं घेऊन बाहेर धावली. तिनं आणि मुलाणीनं मिळून बूट काढले. ते सहजी निघत नव्हते. मोजे तिनं कात्रीनं वरून कापलेले होते आधीच, आणि कापलेल्या ठिकाणी हिरव्या दोऱ्यानं शिवण घातलेली, उसवू नयेत म्हणून.

ते पाय माझ्या नवऱ्याचे नव्हते. घोटा कुठं ते दिसत नव्हतं. चामडी ताणून चकाकत होती.

मी कधी बाहेर आले मला आठवत नाही. ह्यांनी मान वर केली.

"कोण गेलं?" हे म्हणाले.

"कोणी नाही गेलं."

"मग तू इथं?"

"मारुतीला आल्यात," पारू म्हणाली. तिला तोवर सगळं कळलं होतं.

"आज बुधवार हाय," हे म्हणाले.

मी खाली बसले आणि ह्यांच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. बोट काढलं तरी तो तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. सहा महिने माझ्या घरात कणीक मळली नव्हती.

"हे कधीपासून?"

"उभं राहून होतंय. बसून होतंय. सगळ्या ड्रायव्हरांना होतं."

"मी दोनदा म्हणलं, घरी सांगा," पारू म्हणाली. "तर म्हणले, घरी कळलं तर डेपोला कळंल. जून होऊ दे."

"घरी बूट कोण काढतं?"

"तू झोपल्यावर मी काढतो," हे म्हणाले. "तू तोंडाकडं बघत असतीस."

ते खरं होतं. तीन महिने मी ह्यांच्या तोंडाचा, खिशाचा, श्वासाचा पहारा केला. खाली मान घालून बघितलं नाही.

मुलाणीभाऊ कडेला उभे होते. मग टोपी काढून म्हणाले, "वैनी, आता आलाच हायसा तर ऐका. घाटात ब्रेक मारताना हे खाली बघत्यात."

"मुलाणी," हे म्हणाले.

"न्हाई, बोलू द्या. पाय पॅडलवर हाय का न्हाई ते ह्यांच्या पायाला कळत न्हाई, वैनी. डोळ्यानं बघावं लागतं. पंधरा दिवस झालं, घाट लागला की मी तिकिटं देत न्हाई. दांडी धरून अल्लाचं नाव घेत उभा राहतो. मागं पन्नास माणसं असत्यात."

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं, ते उतरवायचं पारूलाही सुचलं नाही.

"सकाळी गाडी तुम्ही काढायची नाही," मी म्हणाले.

"मग काय पारू काढंल?"

"शिकवा, काढती," पारू म्हणाली.

हे हसले नाहीत. मुलाणीभाऊंनी डेपोत फोन करून सांगितलं की मोहितेंना उलट्या होतायत, सकाळी दुसरा ड्रायव्हर पाठवा. उलट्यांचं खोटं होतं, पण ते सगळ्यांना चालण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी आपल्याच गाडीत हे प्रवाशाच्या सीटवर बसून घाट उतरले, आणि प्रत्येक वळणावर ह्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता.

उतरल्यावर घरी न जाता मी ह्यांना थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी लघवी तपासायला लावली, रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. दुपारी रिपोर्ट आले तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवलं.

"काय खातात हे?"

मला ह्याच प्रश्नाची हौस होती. मी धडाधड सांगितलं. पीठ नाही, साखर नाही, अंडी, पनीर, पालेभाजी. तेरा किलो उतरवले होते, हेही सांगितलं. ते लिहून घेत होते.

"शुगर छान ठेवलीय तुम्ही. आणि मीठ?"

"मीठ भरपूर," मी म्हणाले. "रोज दोन लिटर ताक देते. मीठ घालून."

"किती घालता?"

"दोन चमचे."

"चहाचे?"

"नाही, पोह्याचे."

"रोज?"

"एक दिवस चुकवलं नाही. शिवाय लोणचं, सुकट. चक्कर येते ना, म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

"मावशी, ह्यांच्या किडनीला मार बसलाय. शुगर आणि बीपीमुळं, गेली काही वर्षं. लघवीतून प्रथिनं जातायत. अशा माणसाच्या अंगात मीठ गेलं की ते पाणी धरून ठेवतं. बीपी आणखी चढतं. हे जे नऊ किलो परत आलेत ना, ही चरबी नाही. पाणी आहे. पायात, पोटात, थोडं छातीत पण."

"म्हणजे हे बाहेर काही खात नव्हते?"

"तसं काही दिसत नाही मला."

तीन महिने मी एक स्वयंपाकघर शोधत होते. कोळेखिंडीपर्यंत गेले, पारूच्या चुलीत वाकून बघितलं. ते माझंच होतं. घरी आल्यावर मी सरांचा तो मिठाचा निरोप पुन्हा लावला. सात मिनिटांचा होता. पाचव्या मिनिटाला दूध वर येतं म्हणून मी रोज उठायची. सहाव्या मिनिटाला सर स्पष्ट सांगत होते की बीपी असेल, किडनीचा त्रास असेल, तर हे करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. त्यांना दोष द्यायलाही मला जागा नव्हती.

पण ते नंतर. तिथं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ह्यांना दाखल करू. औषधानं पाणी उतरेल, दहा दिवसांत फरक दिसेल. किडनी मात्र आयुष्यभर सांभाळावी लागेल. काम काय करता, काका?"

"शेती," हे म्हणाले.

अंगात खाकी पँट होती. डॉक्टर कागदावर लिहीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"शेती," हे पुन्हा म्हणाले, ह्या वेळी माझ्याकडं बघून. सव्वीस वर्षं आरशात बघून मागच्या गाड्या ओळखणारा माणूस माझ्या डोळ्यांत बघत होता, आणि त्या बघण्यात तपासणी होती, स्टेअरिंग होतं, आणि ते एकदाच म्हणालेलं वाक्य होतं. दहा दिवसांत पाणी उतरणार होतं. जूनपर्यंत वजन एक्याऐंशी होणार होतं. शुगर तर बेतात होतीच. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. आणि ज्या बाईनं मीठ घालून घालून ही वेळ आणली, तिनं निदान गप्प बसायला हरकत नव्हती.

"एसटी चालवतात," मी म्हणाले. "घाटात. ब्रेक दाबताना पायाकडं बघतात. पाय कळत नाही त्यांना."

डॉक्टरांनी मान वर केली. ह्यांनी खाली घातली.

सगळं कागदावर गेलं. दहा दिवसांत नऊ किलो बाटल्या भरभरून वाहून गेले. काट्यावर बरोबर एक्याऐंशी आले. पायाची जाणीव मात्र आली नाही; शुगरनं पायाच्या नसाच गेल्या होत्या, ती येणारही नव्हती. जूनच्या तपासणीत स्टेअरिंग गेलं. डेपोत पासाच्या खिडकीत बसायचं काम मिळालं. कॉलेजच्या पोरी फोटो चिकटवून आणायच्या, हे शिक्का मारायचे.

माझ्याशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, ताट भिरकावणं नाही. घरात वावरताना मी खुर्ची असल्यासारखे वळसा घालून जायचे. दुखत असेल तर भिंतीला सांगायचे, "आज खांदा धरलाय." मी भिंतीला तेल नेऊन द्यायची. पारूचा एकदा फोन आला तेव्हा तिच्याशी पंधरा मिनिटं बोलले. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. त्या पंधरा मिनिटांत मला संशय आला नाही, हेवा वाटला.

स्वयंपाकात मीठ बंद झालं. एका घरात दोन चवी नकोत म्हणून मी माझ्याही पानातलं काढलं. मनात ठरवून टाकलं होतं, हे जसं जेवतील तसं मीही जेवणार. डॉक्टरांनी मोजून चतकोर भाकरी परत दिली होती, ती अळणी भाकरी, अळणी आमटी, अळणी भेंडी, आम्ही दोघं समोरासमोर बसून न बोलता गिळायचो.

दीड महिना मी काढला. मग एक दिवस शेजारच्या लीलाबाई गुरवांकडं मिक्सरचं भांडं द्यायला गेले, तर त्या तव्यावर हिरव्या मिरचीचा खर्डा रगडत होत्या. "चाखून बघ गं मीठ," म्हणाल्या. मी चाखलं. मग भाकरीच्या तुकड्याला लावून चाखलं. मग तिथंच पाटावर बसून अख्खी भाकरी खाल्ली, आणि खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं म्हणून लीलाबाईंनी वर तेलही घातलं. दुसऱ्या दिवशी मी काही कारण नसताना गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा पाट मांडूनच ठेवला होता.

आठवडाभरानं अशीच परत आले, तर हे दारात खुर्ची टाकून बसलेले. माझ्या तोंडाकडं बघत होते. ती नजर मी ओळखली. तीन महिने मीच ती वापरली होती.

"कुठं होतीस?"

दोन महिन्यांनी भिंतीला सोडून मला विचारलेलं ते पहिलं वाक्य.

"लीलाबाईंकडं. त्यांचा मिक्सर चालत नव्हता."

"चालला का?"

"चालला."

"ओठाला खर्डा हाय."

मी पदरानं ओठ पुसले. उंबऱ्यापाशी तशीच उभी राहिले, शाळेत उशिरा आल्यासारखी. हे उठले, खुर्ची उचलून आत नेली, टीव्ही लावला. म्हटलं, आता पुन्हा भिंत.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. चुलीवर अळणी दोडका टाकला आणि पाठ करून बसले. हे पासाच्या खिडकीतून आले, हातपाय धुतले, आत डोकावले. दोडक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"लीलाबाई हाक मारत्यात तुला," हे म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. शेजारी सगळं शांत होतं. कुणी हाक मारली नव्हती.

"जा की," हे म्हणाले, आणि दोडका हलवायला माझ्या हातातून उलथनं घेतलं.